बेकरीच्या यीस्टमधलं पायरुव्हेट कायनेज: एफबीपीचा परिणाम दाखवताना ठेवलेल्या प्रकल्प नोंदी

काम कुठलं: नांदेडमधल्या एका कॉलेजच्या जीवरसायन विभागातला एमएस्सी प्रकल्प. ग्लायकोलिसिसची शेवटची पायरी चालवणारं पायरुव्हेट कायनेज हे एन्झाइम यीस्टमधून काढायचं. वरच्या पायरीवर तयार होणारं फ्रुक्टोज-1,6-बिसफॉस्फेट, म्हणजे एफबीपी, या खालच्या एन्झाइमला कसं जागं करतं ते साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दाखवायचं. हा परिणाम बेन्नो हेस यांच्या गटानं 1966 मध्ये यीस्टमध्येच दाखवला होता, त्यामुळे नवीन शोध लावायचा नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणच्या लॅबमध्ये तो दिसतो का, एवढाच प्रश्न होता. दिसतो, पण सव्वा महिना गेला. त्यातले निम्मे दिवस कशात वाया गेले ते खाली आहे.

हाताशी असलेली साधनं: 340 नॅनोमीटरला चालणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर (तापमान राखणारा होल्डर नाही), थंड सेंट्रिफ्यूज, व्होर्टेक्स, मायक्रोपिपेट. क्वार्ट्झ क्युव्हेट (द्रावण धरणाऱ्या चौकोनी नळ्या) लागत नाहीत. 340 ला साध्या काचेचे किंवा प्लास्टिकचे चालतात. पहिल्याच दिवशी क्वार्ट्झच्या जोडीची ऑर्डर निघणार होती, ती थांबवली.

3 मार्च

आधी फॉस्फोफ्रुक्टोकायनेज (वरच्या पायरीवर एफबीपी बनवणारं एन्झाइम) करायचं ठरलं होतं, कारण पुस्तकात नियंत्रणाचा विषय निघाला की पहिलं नाव त्याचंच. पण ते मोजायला अल्डोलेज, ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेज आणि ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजनेज अशी तीन जोड-एन्झाइमं विकत घ्यावी लागतात. शिवाय यीस्टच्या अर्कातलं फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज फ्रुक्टोज-6-फॉस्फेट घातल्या घातल्या त्यातलं बरंचसं ग्लुकोज-6-फॉस्फेटमध्ये बदलतं. समतोल साधारण तीनास एक असा ग्लुकोजच्या बाजूला झुकलेला असतो, म्हणजे बाटलीवर लिहिलेली मात्रा आणि एन्झाइमला मिळालेली मात्रा यांचा मेळ बसत नाही. तो बेत सोडला.

पायरुव्हेट कायनेजला जोड-एन्झाइम एकच पुरतं: लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच). पीईपी (फॉस्फोइनॉलपायरुव्हेट) आणि एडीपीपासून पायरुव्हेट आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) तयार होतं, एलडीएच पायरुव्हेटचं लॅक्टेट करताना 340 नॅनोमीटरचा प्रकाश शोषणारं एनएडीएच खर्च करतं आणि 340 वरची ओडी (प्रकाश किती शोषला त्याचं माप) उतरत जाते. एका पायरुव्हेटमागे एक एनएडीएच. यीस्टच्या अर्कात पायरुव्हेट दुसऱ्या वाटेनं, अल्कोहोलकडे गेलं तरी तिथेही एकच एनएडीएच जातं. त्यामुळे हिशोब बिघडत नाही.

मागवलं: पीईपी (पोटॅशियम मीठ), एडीपी, एनएडीएच, एफबीपी (सोडियम मीठ), हेपेस (पीएच स्थिर ठेवणारा बफर), डीटीटी (एन्झाइमला ऑक्सिडेशनपासून जपतं), पीएमएसएफ (प्रथिनं कापणारी एन्झाइमं रोखतं). एलडीएच मागवलं नाही. फ्रिजरमध्ये जुन्या प्रकल्पातली एक कुपी होती, तिच्यावर भागेल असं वाटलं. ही काटकसर पुढं महागात पडली.

8 मार्च

पहिला प्रयत्न किराणा दुकानातल्या कोरड्या इन्स्टंट यीस्टवर. अर्क दुधासारखा गढूळ. 12,000 आरपीएमला दोनदा फिरवला तरी निवळेना. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात कारण सापडलं: त्यात सॉर्बिटन मोनोस्टिअरेट नावाचा इमल्सिफायर असतो. कोरडं यीस्ट बाद. बेकरीवाले वापरतात ते ओलं, दाबून केलेलं यीस्ट घ्या. पाव करणारी कुठलीही बेकरी शंभर ग्रॅम देते. त्याच दिवशीचं घ्या, वास आंबूस-गोड हवा. कुजका वास आला तर परत करा.

फोडण्यासाठी खलबत्त्यात धुतलेली वाळू घातली. दहा मिनिटं घोटून सूक्ष्मदर्शकाखाली मेथिलीन ब्लूनं बघितलं, तर दहातल्या आठ पेशी धडधाकट. खलबत्ता मात्र हाताला कोमट लागत होता. बुखनरनं 1897 मध्ये वाळू घालून घोटूनच पेशीविरहित आंबवण दाखवलं, पण त्यानं नंतर दाबयंत्रानं रस पिळून काढला होता. नुसत्या घोटण्यावर भरवसा नको.

10 मार्च

0.5 मिमीचे काचेचे मणी मिळाले. यानं काम झालं. कृती अशी पक्की केली:

दहा ग्रॅम यीस्ट थंड डिस्टिल्ड पाण्यात कालवून 5,000 आरपीएमला पाच मिनिटं फिरवायचं आणि वरचं पाणी टाकून द्यायचं. असं तीनदा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. त्यातला चार ग्रॅम लगदा, चार मिलि बफर आणि चार ग्रॅम मणी जाड भिंतीच्या नळीत. व्होर्टेक्सवर तीस सेकंद, बर्फात एक मिनिट, असे दहा फेरे. बर्फात म्हणजे बर्फ-पाण्याच्या काल्यात. नुसत्या बर्फाच्या खड्यांत नळी टेकून ठेवली तर चारी बाजूंनी गार होत नाही. नंतर 12,000 आरपीएमला पंधरा मिनिटं, 4 °से.ला. वरची पिवळसर निवळी हा अर्क.

बफर: 50 मिलिमोलार हेपेस पीएच 7.0, 100 मिलिमोलार पोटॅशियम क्लोराइड, 5 मिलिमोलार मॅग्नेशियम क्लोराइड, 1 मिलिमोलार डीटीटी, 10 टक्के ग्लिसरॉल. पीएमएसएफ (आयसोप्रोपॅनॉलमधलं 100 मिलिमोलार द्रावण, शेवटी 1 मिलिमोलार होईल इतकं) मणी घालायच्या आधी, अगदी ऐन वेळी. ते पाण्यात फार वेळ टिकत नाही. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलं तर घातलं न घातलं सारखंच, आणि यीस्टची प्रथिनं कापणारी एन्झाइमं आपलं काम उरकून घेतात.

नेहमीचा ट्रिस बफर का नाही, असं विचारलं गेलं. पीएच 7.0 ला ट्रिसचा जोर संपलेला असतो, आणि प्रत्येक अंशामागे त्याचा पीएच साधारण 0.03 नं घसरतो. बर्फात जुळवलेलं ट्रिस 37 अंशांच्या खोलीत आणलं की जवळपास एक पूर्ण पीएच इकडचा तिकडं. मार्चमधल्या नांदेडात तरी नको.

बर्फासाठी विभागात यंत्र नाही. कॉलेजसमोरच्या रसवंतीवरून लादीचा तुकडा. फोडून पोत्यात गुंडाळून ठेवला तर दोन तास टिकतो.

ब्रॅडफोर्ड पद्धतीनं प्रथिन मोजलं: 11 मिलिग्रॅम प्रति मिलि.

13 मार्च

पहिलं मापन. एक मिलि क्युव्हेटमध्ये: हेपेस 50, पोटॅशियम क्लोराइड 100, मॅग्नेशियम क्लोराइड 10, एडीपी 2, पीईपी 5, एनएडीएच 0.2 (सगळं मिलिमोलार), एलडीएच 10 मायक्रोलिटर, अर्क 10 मायक्रोलिटर. एनएडीएच 0.2 मिलिमोलार म्हणजे ओडी 1.24 च्या आसपास यायला हवी (एक मिलिमोलार एनएडीएचची ओडी 6.22, गुणिले 0.2).

यंत्रानं दाखवली 0.09, आणि ती तिथंच सरळ रेषेत. उतार शून्य.

पहिला अंदाज, अर्क मेला. दुसरा अंदाज, एनएडीएच खराब झालं. नवं विरघळवलं (2 मिलिमोलारसाठी 1.42 मिलिग्रॅम प्रति मिलि, किंचित आल्कधर्मी पाण्यात; आम्लात एनएडीएच टिकत नाही). एकटं तपासलं, ओडी 1.23. म्हणजे एनएडीएच ठीक. पण सगळं एकत्र केलं की 0.09.

संध्याकाळी उमगलं की उतार शून्य होता तो काम सुरूच झालं नाही म्हणून नव्हे, तर क्युव्हेट ठेवून झाकण लावेपर्यंत काम *संपलं* होतं म्हणून. सगळं एनएडीएच आधीच खर्ची पडलेलं. शून्य उतार दिसला की सुरुवातीची ओडी किती होती ते आधी बघा. 1.2 असेल तर एन्झाइम नाही, 0.1 असेल तर एन्झाइम फार आहे.

14 ते 17 मार्च

मग अर्क पातळ करायचा. दहापट, शंभरपट, हजारपट. प्रत्येक वेळी तेच, झाकण लावेपर्यंत ओडी तळाला. हजारपट पातळ अर्कात एवढा जोर असणं शक्यच नव्हतं. चौथ्या दिवशी अर्काच्या जागी नुसता बफर घातला, तरी तेच. हा ब्लँक पहिल्या दिवशीच करायला हवा होता.

फ्रिजरमधल्या कुपीवरची चिठ्ठी अर्धी निघालेली होती. जुनी खरेदी-वही काढली तेव्हा कळलं की ती कुपी एलडीएचची नव्हतीच. ते पायरुव्हेट कायनेज आणि एलडीएचचं तयार मिश्रण होतं, एटीपी मोडणाऱ्या एन्झाइमांच्या मापनासाठी विकतात ते. म्हणजे आम्ही जे शोधत होतो तेच एन्झाइम बाटलीतून मुबलक घालत होतो.

यात आणखी एक खाच आहे आणि ती नीट समजून घ्या. हे बाजारातलं पायरुव्हेट कायनेज बहुधा सशाच्या स्नायूतलं असतं. स्नायूतल्या प्रकाराला एफबीपीची गरज नसते, ते कायम उघडंच असतं. स्नायूला धावताना परवानगी मागत बसायला वेळ नसतो, असं समजा. यीस्टमधलं आणि यकृतातलं मात्र एफबीपीच्या इशाऱ्यावर चालतं. यीस्ट फोडायचा त्रास नको म्हणून कुणी विकतचं सशाचं एन्झाइम घेऊन हा प्रयोग केला, तर एफबीपी कितीही घाला, फरक दिसणार नाही, आणि दोष कशाचा तेही कळणार नाही.

शुद्ध एलडीएच मागवलं. हैदराबादहून यायला पाच दिवस.

22 मार्च

नवं एलडीएच, अमोनियम सल्फेटमधलं निलंबन. 5 मायक्रोलिटर प्रति क्युव्हेट. अर्काविना ब्लँक: सुरुवातीला ओडी 0.05 नं झटकन उतरली, मग स्थिर. हा उतार पीईपीच्या बाटलीत आधीपासून असलेल्या पायरुव्हेटचा. एक मिनिट थांबायचं, ते संपू द्यायचं, मग एन्झाइम घालून सुरुवात करायची. थांबलं नाही तर पहिल्या मिनिटाचा उतार खोटा येतो.

चाळीसपट पातळ केलेला अर्क 10 मायक्रोलिटर घातला आणि मिनिटाला 0.121 असा सरळ उतार मिळाला. अर्कात साधारण 78 युनिट प्रति मिलि (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल), म्हणजे प्रति मिलिग्रॅम प्रथिन सातच्या वर. बेकरीच्या यीस्टला हे शोभतं.

दोन तपासण्या रोज करा. अर्क दुप्पट केला की उतार दुप्पट व्हायला हवा. एलडीएच दुप्पट केलं की उतार जागचा हलता कामा नये. हलला तर तुम्ही पायरुव्हेट कायनेज मोजत नसून एलडीएच मोजताय.

23 मार्च

कालचाच पातळ अर्क, बर्फात ठेवलेला, आज 0.066. ताजा पातळ केला तर 0.118. आणखी बघितलं तर पातळ केल्यापासून दीड तासातच जोर उतरायला लागतो. मूळ घट्ट अर्क मात्र दोन दिवस बर्फात ठीक राहिला. हे एन्झाइम चार तुकड्यांचं बनलेलं आहे, आणि पातळ केलं, थंडीत ठेवलं की चौकडी नीट टिकत नाही. पातळ करण्याच्या बफरमध्ये 25 टक्के ग्लिसरॉल आणि मिलिला 1 मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घातलं. पाच तासांनी 0.115. तेव्हापासून तोच बफर.

24 मार्च

मुख्य प्रयोग. एफबीपी 0 आणि 1 मिलिमोलार, तीन-तीन वेळा. बिनाएफबीपी सरासरी 0.120, एफबीपीसह 0.121.

काहीच फरक नाही. एवढ्या खटपटीनंतर पुस्तकातला परिणाम गायब. एफबीपी खराब असेल म्हणून अल्डोलेजनं तपासायचं ठरलं, मग अर्क सेफाडेक्सच्या (मोठी प्रथिनं आणि छोटे रेणू वेगळे करणाऱ्या जेलच्या) स्तंभातून काढायचं ठरलं (अर्कात यीस्टचं स्वतःचं एफबीपी शिल्लक असेल या शंकेनं). दोन्ही बेत कागदावर हिशोब मांडला तेव्हा सुटले. अर्क क्युव्हेटमध्ये चार हजारपट पातळ होतो. त्यात दोन-चार मिलिमोलार एफबीपी उरलं असतं तरी क्युव्हेटमध्ये ते एक मायक्रोमोलारपर्यंत खाली येतं. ते कारण नव्हे.

26 मार्च

कारण होतं 5 मिलिमोलार पीईपी. ही मात्रा प्रयोगवहीतल्या छापील कृतीतली, आणि ती कृती एन्झाइम *किती आहे* ते मोजायला लिहिलेली असते. त्यासाठी पीईपी इतकं घालतात की एन्झाइमला निवड उरत नाही, ते पूर्ण वेगानं धावतं. एफबीपी पूर्ण वेग वाढवत नाही. ते एन्झाइमची पीईपीवरची पकड वाढवतं. ताट काठोकाठ भरलेलं असताना भूक वाढली काय आणि न वाढली काय, दिसणार कुठून? पेशीत एवढं पीईपी नसतं. नियंत्रण बघायचं तर पेशीच्या मापाला यावं लागतं.

पीईपी कमी करत नेलं. तीन मापनांची सरासरी, मिनिटाचा उतार:

पीईपी 0.25 मिलिमोलार: बिनाएफबीपी 0.001, एफबीपीसह 0.063
0.5: 0.008 आणि 0.086
1: 0.034 आणि 0.104
2: 0.085 आणि 0.114
5: 0.120 आणि 0.121

0.5 ला दहापटीहून जास्त फरक, 5 ला शून्य. तोच अर्क, तेच यंत्र, तीच खोली. आलेख काढला तर बिनाएफबीपीची रेघ इंग्रजी एससारखी, आधी जमिनीला चिकटलेली, मग एकदम चढणारी. एफबीपीसह ती पहिल्यापासूनच वर वाकलेली. निम्मा वेग येतो ती मात्रा साधारण 1.5 मिलिमोलारवरून 0.25 वर आली.

पेशीच्या बाजूनं बघितलं तर याचा अर्थ लागतो. ग्लुकोज भरपूर असताना वरच्या पायऱ्या जोरात चालतात, एफबीपी साठतं आणि ते खालचं दार उघडून ठेवतं. ग्लुकोज संपलं की एफबीपी झपाट्यानं उतरतं, दार बंद होतं आणि पीईपी अडून राहतं. उद्या अल्कोहोलवर जगायची वेळ आली आणि उलट्या वाटेनं साखर बनवायची झाली, तर हे पीईपी खालच्या दारातून गळून जात नाही. ऊस गाळपाला येतोय हे बघून गव्हाणीवरच्या माणसानं पुढच्या भट्टीवाल्याला आधीच हाक द्यावी, तसा हा प्रकार आहे. भट्टीवाला रस समोर येऊन साचायची वाट बघत नाही.

एफबीपीचा ब्लँक विसरू नका: पीईपी न घालता एफबीपी, एनएडीएच आणि अर्क. अर्कातलं अल्डोलेज एफबीपी तोडतं, त्यातून डायहायड्रॉक्सिॲसिटोन फॉस्फेट निघतं आणि यीस्टचंच ग्लिसरॉल फॉस्फेट डिहायड्रोजनेज त्यावर एनएडीएच खर्च करतं. पाचपट पातळ अर्कात हा खोटा उतार मिनिटाला 0.03 आला, चाळीसपट पातळ अर्कात 0.004. म्हणजे वरच्या आकड्यांत तो फारसा नाही, पण घट्ट अर्क वापरणाऱ्याला एफबीपीचा "परिणाम" फुकटात दिसेल.

28 मार्च

कालच्या दुपारचे आकडे सगळे फाडून टाकले. सकाळी सातला खोली 30 °से., दुपारी दीडला 37. त्याच नमुन्याचा उतार सकाळी 0.121, दुपारी 0.18. होल्डरला तापमान राखायची सोय नसेल तर सकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढंच मापन. बाकी दिवसात द्रावणं तयार करा, वजनं करा, हिशोब करा. क्युव्हेट मापनाआधी 30 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा, बाहेरून कोरडा पुसा.

वीज दोनदा गेली. परत आल्यावर दिवा तापून स्थिर व्हायला अर्धा तास धरा. त्याआधी घेतलेल्या मापनांत ओडी आपोआप सरकत राहते आणि ते एन्झाइमचं काम वाटतं.

पाण्याचं एक: टँकर आणि बोअरचं पाणी डिस्टिलेशनला लावतात, त्याचा हीटर चुनखडीनं पांढरा झालेला. भांड्यातून शिंतोडे उडून कॅल्शियम पुढं येतं, आणि कॅल्शियम या एन्झाइमला मारक, मॅग्नेशियमच्या जागी घुसतं. हीटर व्हिनेगरनं धुतला, पहिलं अर्धा लिटर पाणी फेकून दिलं. आधीच्या आकड्यांत फार फरक पडला नाही, पण दोन मापनांमधली तफावत कमी झाली.

2 ते 4 एप्रिल

एक सोपं वाटणारं काम: या एन्झाइमला पोटॅशियम लागतं हे दाखवायचं. पोटॅशियम क्लोराइडऐवजी सोडियम क्लोराइड घातलं. पीईपी 1 मिलिमोलार, एफबीपीसह. 0.104 वरून 0.091. जेमतेम फरक.

मग क्युव्हेटमध्ये पोटॅशियम आणखी कुठून येतंय याची यादी केली.

हेपेसचा पीएच पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं जुळवलेला. 50 मिलिमोलार हेपेस 7.0 ला आणायला साधारण 12 मिलिमोलार लागतं. तेवढं पोटॅशियम तिथं.
पीईपी पोटॅशियम मीठ: 1 मिलिमोलार.
पातळ करायच्या बफरात 100 मिलिमोलार पोटॅशियम क्लोराइड, त्यातले 10 मायक्रोलिटर: आणखी 1.
आणि सगळ्यांचा बाप, एलडीएचचं निलंबन. 3.2 मोलार अमोनियम सल्फेट म्हणजे 6.4 मोलार अमोनियम. 5 मायक्रोलिटर एक मिलित: 32 मिलिमोलार. अमोनियम आयन पोटॅशियमचं काम चांगलं निभावतं.

म्हणजे "बिनापोटॅशियम" क्युव्हेटमध्ये उपयोगी पडणारे आयन पंचेचाळीसच्या वर होते.

दुरुस्ती: हेपेस ट्रिस बेसनं जुळवलं. पातळ करायचं बफर सोडियम क्लोराइडचं केलं. एलडीएच 12,000 आरपीएमला पाच मिनिटं फिरवून वरचं द्रव काढलं, गाळ 50 टक्के ग्लिसरॉलमध्ये घेतला, आणि दोन मिलिच्या सिरिंजमध्ये भरलेल्या सेफाडेक्स जी-25 मधून काढला. पीईपी बदललं नाही, सोडियम मीठ हाताशी नव्हतं. आता उतार 0.013. पोटॅशियम क्लोराइड 100 परत घातलं: 0.101. उरलेला 0.013 बहुधा पीईपीसोबत आलेल्या त्या एका मिलिमोलारचा.

7 आणि 8 एप्रिल

एटीपी. पेशीत ऊर्जा भरपूर असेल तर हे एन्झाइम मंदावतं, ते दाखवायचं. पीईपी 0.5, एफबीपी 1, एटीपी 5 मिलिमोलार. 0.086 वरून थेट 0.021. छान आकडा, आणि जवळजवळ सगळा खोटा.

एटीपी डायसोडियम मीठ पाण्यात टाकलं की द्रावण आम्ल होतं. 100 मिलिमोलारचं द्रावण न उदासीन करता 50 मायक्रोलिटर घातलं होतं. क्युव्हेटमधला पीएच मोजला: 6.5 च्या आसपास. सोडियम हायड्रॉक्साइडनं 7.0 ला आणून पुन्हा: 0.047.

अजून एक. एटीपी मॅग्नेशियमला घट्ट धरतं. क्युव्हेटमध्ये 10 मॅग्नेशियम, एडीपीनं 2 धरलं तर मोकळं 8 राहतं. एटीपी 5 घातल्यावर मोकळं 3. एन्झाइमला मोकळं मॅग्नेशियमही लागतं. म्हणजे मंदावलं ते एटीपीमुळे की मॅग्नेशियमच्या तुटीमुळे, हे वेगळं करता येत नाही. एटीपीच्या नळ्यांत मॅग्नेशियम 15 केलं, मोकळं पुन्हा 8. उतार 0.061.

0.021, 0.047, 0.061. एटीपीचा खरा म्हणावा असा परिणाम तीस टक्क्यांच्या आत. अहवालात शेवटचाच आकडा घातला. पहिला जास्त देखणा होता.

11 एप्रिल

खर्च. रसायनं आणि एलडीएच मिळून साडेअठरा हजारांच्या घरात गेले. सगळ्यात महाग पीईपी, त्याखालोखाल एनएडीएच. पीईपीतला जवळपास निम्मा भाग 13 ते 24 मार्चदरम्यान 5 मिलिमोलारच्या क्युव्हेटमध्ये ओतून संपवला. 0.5 मिलिमोलारला तेवढ्याच पीईपीत दहापट मापनं झाली असती. यीस्ट आणि बर्फ मिळून चारशे रुपयांच्या आत.

दिवस: सव्वा महिन्यातले आठ-नऊ दिवस एका चिठ्ठी निघालेल्या कुपीनं आणि नव्या एलडीएचची वाट बघण्यात गेले.

12 एप्रिल

शिल्लक ठेवलेलं: पीईपी आणि एडीपीची द्रावणं पीएच 7 ला आणून 200 मायक्रोलिटरच्या वाट्यात उणे 20 ला. एनएडीएच द्रावण ठेवलं नाही, पावडर ठेवली, डेसिकेटरमध्ये. एलडीएच 4 °से.ला, फ्रिजरमध्ये नाही. अमोनियम सल्फेटमधली निलंबनं गोठवू नका. यीस्टचा अर्क 25 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 20 ला ठेवून बघतोय, आठवड्यानं मोजू. पायरुव्हेट कायनेज-एलडीएच मिश्रणाच्या कुपीवर नवी चिठ्ठी, मार्करनं लिहून वर सेलोटेप.

19 एप्रिल

गोठवलेला अर्क: पीईपी 5 ला 0.109, म्हणजे नव्वद टक्के शाबूत. पण पीईपी 0.5 ला बिनाएफबीपी 0.019, आधी 0.008 होता. जोर टिकला, एफबीपीवाचून बंद राहायची सवय थोडी सुटली. प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमांचा हात असावा, कारण गोठवण्याआधी पीएमएसएफ दुसऱ्यांदा घातलं नव्हतं. पुढच्या तुकडीला घालून तुलना करायची आहे, यीस्ट सोमवारी बेकरीतून.